चिंधी बांधलेला दुधी

हडपसर, रविवार, ११ जून २००६

चि. शर्मिलास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पाहून तू चकित होशील. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला सासरा, हडपसरहून खराडीला, मधे एक मुंढव्याचा पूल, आणि फोन सोडून पत्र लिहितो! पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या. स्वतःला फोनवर बोलणं कधी जमलं नाही. समोरचा गप्प बसला की मी हवामान सांगायला लागतो. चेतन दर रविवारी फोन करतो, "बाबा, ऑल ओके ना?" विचारतो, मी "ऑल ओके" म्हणतो. बापलेकांचं संभाषण संपलं.

तुम्ही जानेवारीत भाड्याच्या फ्लॅटवर गेलात, त्याचं कारण मी गल्लीत सगळ्यांना 'ऑफिस जवळ पडतं' असं सांगितलं आहे. दोघांचीही ऑफिसं तिकडेच, त्यामुळे पटण्यासारखं आहे. कोणी उलटून विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसरं कारण तयार नव्हतं.

परसबागेचा अहवाल देतो. मिरचीची रोपं लागली. वांग्याची चाळीस रोपं, त्यातली सहा गोगलगायींनी खाल्ली. नहाणीच्या पाण्यावरचं अळू तू पाहिलं होतंस त्याच्या दुप्पट झालं आहे. गवती चहा कापून कापून आम्ही दोघं दमलो. तू आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून वाफ्यांत खोचली होतीस, त्या अजून तिथेच आहेत. अक्षर पुसट झालं आहे. 'मेथी' लिहिलेल्या काडीजवळ आता चवळी उगवली आहे. तुझ्या सासूबाई काड्या काढत नाहीत आणि बदलतही नाहीत.

मांडवाखालचं दुधीचं आळं मात्र रिकामं आहे. चंद्रभागेने ते खणलं, शेणखत घातलं, आणि तसंच ठेवलं. बीच नाही तर लावणार काय.

त्यावर जास्त लिहीत नाही. जे झालं ते झालं. घर म्हटलं की कुरबुरी आल्याच. तू मोठं मन करून पूर्वाला घेऊन एखादा रविवार इकडे यावंस. चंद्रभागा पहिल्यांदा बोलणार नाही, पण मी समजूत घालीन. थोडं तूही नमतं घे. वयाने ती मोठी आहे.

कळावे,
भी. धों. ओव्हाळ
निवृत्त लाइन इन्स्पेक्टर

ता. क. पूर्वाची निळी झारी इथेच राहिली आहे.


हडपसर, रविवार, २ जुलै २००६

चि. शर्मिलास,
सप्रेम जयभीम.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. खात्यातल्या सवयीने मी मागच्या पत्राखाली कार्बन ठेवला होता. काल ती प्रत काढून वाचली. 'थोडं तूही नमतं घे' या ओळीपाशी आलो आणि प्रत फाडून टाकली. तुझ्याकडे मूळ आहे, त्याला माझा इलाज नाही.

दुधी मी तोडला.

झालं लिहून. हे तीन शब्द लिहायला मला साडेआठ महिने लागले. आता सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे तुला कारण कळेल. माणूस कारणं केव्हा सांगायला लागतो हे मला चांगलं माहीत आहे. मी खात्यात लोकांच्या चौकशा केल्या आहेत.

चिंधीचा नियम तुला चंद्रभागेने पहिल्याच वर्षी शिकवला होता. वेलावरचं सगळ्यात देखणं फळ बियाण्याला ठेवायचं आणि त्याच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातल्या कोणीही त्या फळाला हात लावायचा नाही. पूर्वासुद्धा लावत नव्हती, आणि ती तेव्हा पाच वर्षांची होती. ते वाण चंद्रभागेच्या आईचं. बुटका, मधे बारीक, दाट गराचा दुधी. लग्नात तिच्या आईने पदराला बिया बांधून दिल्या, दुसरं द्यायला काही नव्हतं. चिंधीही तिच्या आईच्याच हिरव्या लुगड्याची. दरवर्षी तीच.

मागच्या पावसाळ्यात मागच्या खोलीत पाणी शिरलं आणि राखेत ठेवलेलं बी डब्यासकट भिजलं. तीन बिया धड निघाल्या. तिन्ही लावल्या, एक रुजली. म्हणजे त्या साली एक वेल, आणि त्या वेलावर चिंधी बांधलेलं एक फळ. हे मला माहीत होतं. 'माहीत नव्हतं' असं लिहायचा मोह झाला होता, म्हणून मुद्दाम लिहितो.

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या रविवारी चंद्रभागा विहारात गेली होती. वर्षावासाचा समारोप होता. वेलावरचे दोन तयार दुधी ती भोजनदानाला घेऊन गेली. तू पूर्वाला घेऊन कसब्यात माहेरी गेली होतीस. चेतन झोपला होता. आणि दारात चारचाकी थांबली. कोंडीराम! माझ्या हाताखाली खांबांवर चढणारा कोंडीराम, आता मोबाइलची दोन दुकानं. बायकोला घेऊन आला होता.

सकाळी कालव्यावर फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत मी काय काय सांगत असे ते तुला ठाऊक नसेल. बाग मी करतो. वाफे मी काढतो. निवृत्तीनंतर मातीत हात घातला आणि ब्लडप्रेशर पळालं. वास्तविक त्या बागेत माझं एकच काम, जुन्या बाजारातून टेलिफोनची वायर आणून मांडव बांधला ते. खुरपं धरलं की माझी कंबर धरते. पण कोंडीरामच्या कानावर माझी कीर्ती गेली होती. मांडवाखाली उभा राहून तो म्हणाला, "साहेब, टेलिफोन बुडाले पण तुम्ही काही बुडाला नाहीत. हा दुधी काय आहे हो!" त्याची बायको म्हणाली, "मंडईत असा मिळत नाही."

मी म्हणालो, "आमच्याकडे असले पैशाला पासरी." आणि चिंधी सोडून दुधी तोडून तिच्या हातात दिला.

गाडी गेली. चिंधी माझ्या मुठीत राहिली होती. वेलावर पुढे वीतभराचं एक पिल्लू लागलं होतं. मी चिंधी त्याच्या देठाला बांधली. दोन वेढे, उलटा फास, टोक आत दडपलेलं. खांबावर हात चालायचे तसे आपोआप चालले. मनाशी म्हणालो, यालाही बी धरेलच की.

संध्याकाळी चंद्रभागा आली. मी सांगणारच होतो. तिने चहा टाकला, विहारातली गर्दी सांगितली. मी तिला कोंडीरामची गाडी सांगितली, रंगासकट. दुधी राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते तुला माहीत आहे. आज ते माझ्याने लिहवत नाही.

भीमराव ओव्हाळ


हडपसर, रविवार, ६ ऑगस्ट २००६

चि. शर्मिलास,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे ऑफिसच्या छापील कागदावर एक ओळ. 'आईंना सांगितलंत का?' मायना नाही, खाली सही नाही. एवढं नेमकं पत्र मला छत्तीस वर्षांत कुठल्या वरिष्ठाने लिहिलं नव्हतं.

नाही. सांगितलं नाही.

प्रयत्न केले. एकदा ती मेथी निवडत होती, मी समोर बसलो आणि मीही निवडायला लागलो. तिने वर पाहून विचारलं, "बरं वाटत न्हाई का?" एकदा सरळ म्हणालो, "दुधीबद्दल बोलायचं होतं." ती म्हणाली, "त्याचं नाव काढू नका." मला तर बरंच झालं. आज्ञा पाळल्यासारखं करून पेपर उघडला.

पेपरचं निघालं आहे तर लिहूनच टाकतो.

त्या सोमवारी सकाळी मी मागच्या दाराच्या पायरीवर पेपर घेऊन बसलो होतो. तू ऑफिसचे कपडे घालून वेलाशी उभी होतीस. हातात ती हिरवी चिंधी. चंद्रभागा पाण्याची बादली घेऊन आली, तिने आधी चिंधी पाहिली, मग वेल पाहिला. बादली खाली ठेवली. तू नेहमी वांगी, अळू, शेवग्याच्या शेंगा पिशवीत भरून ऑफिसातल्या मुलींना नेत होतीस. तिने दोन आणि दोन चार केले. तिचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तोंड न्हवतं का इचारायला? तुझ्या हापिसातल्या बायांना वाटायला माझ्या आईचंच बी घावलं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तक्रार नव्हती त्या पाहण्यात. 'बाबा, बोला' एवढंच होतं.

मी पेपर वर केला.

त्या दिवशी पेपरात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पेपराच्या खालून तुझ्या चपला दिसत होत्या. त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग बस आल्याचा हॉर्न वाजला आणि त्या गेल्या.

आणखी एक लिहितो, म्हणजे तू मला पुरता ओळखशील. मला तुझा राग आला होता. माझ्या गाठीची चेष्टा घरात तूच करायचीस. कपड्यांची दोरी असो, पूर्वाचा झोका असो, "बाबांची गाठ म्हणजे कात्री आणा," असं म्हणायचीस आणि चंद्रभागासुद्धा तोंडाला पदर लावून हसायची. तेव्हा चिंधीवरची गाठ बघताच तू ओळखणार हे उघड होतं. मी धरून चाललो की तू ती सोडून पुरावा म्हणून सासूपुढे ठेवणार, मला उघडं पाडणार. इतके महिने मी स्वतःला हेच सांगत आलो. तू तर एक अक्षर बोलली नाहीस. तरी सांगत आलो.

नंतर चंद्रभागा म्हणाली, "उद्यापासून वाफ्यात पाय ठेवायचा न्हाई," आणि तू ठेवला नाहीस. तुला आठवतं का, लग्न होऊन आलीस तेव्हा दुधी वेलाला लागतो की झाडाला हेसुद्धा तुला माहीत नव्हतं. कसब्यात तुमच्या घरी तुळशीला जागा नव्हती, असं तूच सांगायचीस. पुढे तू सहाला उठून पालक खुडायला लागलीस. चंद्रभागा तुझ्यामागे फिरून दाखवायची, हे तण, हे रोप, राख कुठे टाकायची, आंबट ताक कशावर शिंपडायचं. मला चाळीस वर्षांत तिने एवढं शिकवलं नाही. अर्थात मी विचारलं नाही. रविवारी मांडवाखाली सतरंजी टाकून आपण सगळे जेवायचो. भाकरी, मिरचीचा ठेचा, हरभऱ्याची डाळ घातलेली दुधीची भाजी. पूर्वा आपल्या निळ्या झारीने सगळ्यांच्या पायांवर पाणी घालायची, "वाढा, वाढा" म्हणत. मी सगळ्यात जास्त जेवायचो.

पिल्लू फळ आठ दिवसांत फळमाशीने डसून कुजलं. पुढे वेलाने तीन कळ्या धरल्या, तिन्ही गळाल्या, आणि डिसेंबरात वेल वाळला. चंद्रभागेने तो मांडवावरून ओढून काढला. माझ्या गाठी तशाच राहिल्या, त्या सुटत नाहीत.

तुझ्या प्रश्नाला उत्तर अजून 'नाही' हेच आहे.

भीमराव


हडपसर, रविवार, ८ ऑक्टोबर २००६

चि. शर्मिला,

सांगितलं. आज सकाळी सांगितलं.

विहारात आज समारोप होता. वडीलधारा म्हणून मला पंचशील म्हणायला पुढे उभं केलं. मी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. पहिली तीन नीट झाली. चौथ्याला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन म्हणायच्या ठिकाणी, माझा आवाज बसला. तसा तो वर्षभर बसतोच आहे, पण मागून दोनशे माणसांत ते खपून जातं. आज सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले. कोणीतरी पाणी आणलं. तात्यारावांनी पुढचं म्हटलं. चंद्रभागा बायकांत बसली होती, तिथून माझ्याकडे बघत होती.

परत येताना ती मंडईत शिरली. इंदुबाईच्या गाळ्यावर उभी राहिली आणि तिने एक दुधी उचलला. लांबलचक, पांढुरका, दोन्ही टोकांना सारखा. अंगठ्याचं नख लावून पाहिलं. इंदुबाई म्हणाली, "अगं बया, चंद्राबाई, तू आणि इकतचा दुधी?" चंद्रभागा म्हणाली, "ह्यांचा घसा बसलाय. दुधी गार असतो."

शर्मिला, चाळीस वर्षांत त्या बाईने दुधी विकत घेतला नव्हता. आणि घेतला तो माझ्या घशासाठी. मी तिथेच, भर मंडईत, कोथिंबिरीच्या ढिगाशी उभा राहून म्हणालो, "चंद्रभागा, चिंधीचा दुधी मी तोडला. कोंडीरामला दिला. शर्मिलाने नाही."

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि चालायला लागली. मी मागून, तो विकतचा दुधी घेऊन. घरापर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. इंदुबाई ओरडत राहिली, बहुधा सुटे पैसे राहिले होते.

घरी आल्यावर ती मागे गेली आणि रिकाम्या आळ्याच्या काठावर बसली. मी पायरीवर, माझ्या नेहमीच्या जागी. आज हातात पेपर नव्हता आणि हात कुठे ठेवावेत कळेना.

आळ्यातलं ढेकूळ बोटांनी फोडत ती म्हणाली, "मंग ती चिंधी हातात घेऊन काय करत होती?"

मी म्हणालो, "मला वाटतं, मला उघडं पाडणार होती."

"तुम्हाला वाटतं." एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन 'जाऊ दे, लहान आहे, चुकलं असंल,' हे कोण बोललं होतं?"

हे मी तुला तिन्ही पत्रांत लिहिलं नाही. पेपराचं लिहिलं, रागाचं लिहिलं, हे गाळलं. तुझ्यापासून लपवायचा प्रश्नच नव्हता, तू समोर उभी होतीस, ऐकलं होतंस. तरी मला वाटलं, कागदावर नाही आलं तर नसल्यासारखं होईल. चंद्रभागा तुला बोलत होती आणि मी पेपराच्या आडून म्हणालो, "जाऊ दे गं, लहान आहे, चुकलं असेल." माझ्या चोरीबद्दल मी तुला माफ केलं. वर मोठेपणाही घेतला. त्या वेळी आतून मला जरा बरंही वाटलं होतं, कसा समजूतदार सासरा आहे म्हणून.

मला स्वतःची शरम वाटते. नुसती 'चूक झाली' अशी नाही. आरशासमोर दाढी करताना मी हल्ली गालांकडेच बघतो, डोळ्यांकडे बघत नाही.

चंद्रभागेला मी म्हणालो, "बोल काहीतरी. शिव्या दे." ती म्हणाली, "द्यायच्या होत्या त्या दिल्या की मी. त्या पोरीला दिल्या." मग उठली आणि त्या विकतच्या दुधीची भाजी केली. आम्ही दोघांनी खाल्ली. पाणचट होती. दोघांनीही तसं म्हटलं नाही.

तू यावंस असं आता मी म्हणत नाही. तो हक्क मला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बदललं, तेवढं कळवतो.

बाबा


हडपसर, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

चि. शर्मिला,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. कसं येणार ते खाली लिहितो.

मागच्या पत्रानंतर मी इंदापूरला चंद्रभागेच्या माहेरी जाऊन आलो. एस.टी.ने, तिला न सांगता. वाटलं, तिच्या आईचं वाण भावाकडे कुठेतरी असेल, चार बिया मिळाल्या तरी पुष्कळ. जयसिंगने मला सगळं रान दाखवलं. नुसता ऊस. म्हणाला, "दाजी, आता बी कोण ठेवतं? दुकानात पाकीट मिळतं." शेजारच्या दोन वस्त्यांवर विचारलं, तिथल्या म्हाताऱ्या बायांना तो बुटका दुधी आठवत होता. त्यांनी हाताने आकारही दाखवला. बी कोणाकडे नव्हतं. चंद्रभागेच्या आईपासून चालत आलेलं मी कोंडीरामच्या बायकोच्या एका वेळच्या भाजीत संपवलं. कोंडीरामला परवा विचारलं, दुधी कसा होता. म्हणाला, "कुठला दुधी, साहेब?"

काल कुरिअरने तुझं पाकीट आलं. मी कालव्यावर होतो. पाकिटावर पूर्वाने फूल काढलं होतं, म्हणून चंद्रभागेला वाटलं आत पूर्वाचं चित्र असेल. तिने उघडलं. मी आलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती, हातात हिरवी चिंधी आणि तुझी चिठ्ठी. मला दिली नाही. स्वतःच मोठ्याने वाचून दाखवली. प्रौढवर्गात शिकलेलं तिचं वाचन, एकेका शब्दाला थांबत. त्यामुळे मला प्रत्येक शब्द सुटा सुटा ऐकावा लागला.

'बाबा, ही चिंधी माझ्याकडे राहिली होती. त्या सकाळी गाठ बघून मला कळलं. आई पाणी भरून यायच्या आत ती सोडून आईंसारखी सैल बांधणार होते, म्हणजे दुधी कोणी तोडला ते त्यांना कळलं नसतं. पण तुमची गाठ सुटता सुटेना. शर्मिला.'

तिने चिठ्ठी परत पहिल्यापासून वाचली. 

तू मला वाचवायला उभी होतीस. आणि मी वर्षभर तुला माझी वैरीण समजत होतो. दोन वेढे घातले नसते, टोक आत दडपलं नसतं, तर तू दोन मिनिटांत मोकळी झाली असतीस आणि दुधी कोणी तोडला ते कोणालाच कळलं नसतं. तुझ्यावर आळ आला तो माझ्या गाठीमुळे. चिंधीच्या एका टोकाला धागे ओढले गेले आहेत. चंद्रभागेने ते टोक बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "दातानं सोडली हाय पोरीनं."

मग ती खाली बसली आणि रडली. तिला रडताना मी फार कमी पाहिलं आहे. म्हणाली, "तोडला तुम्ही. पर बोलले मी. नातीच्या देखत बोलले." पूर्वा तेव्हा दारात उभी होती हे मला माहीतच नव्हतं. पेपरामुळे दिसलं नसावं.

आज पहाटेपासून ती बागेत होती. अळूची पानं, कोवळी निवडून. वांगी, मिरच्या, शेवग्याच्या शेंगा, मेथीच्या दोन जुड्या. तुझी 'मेथी' लिहिलेली काडी तिने वाफ्यातून काढली, धुतली आणि जुडीत खोचली. सगळ्यात वर पूर्वाची झारी. आता ती आत लुगडं बदलते आहे. मी चपला घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही कुठं?"

"खराडीला."

"तुम्ही पत्र लिहा," ती म्हणाली. "चांगलं जमतं तुम्हाला. मला बी माफी मागायची हाय आन ती तुमच्या मागं उभं राहून मागायची न्हाई. तुमचं तुम्ही नंतर या. ती म्हणंल तेव्हा या."

म्हणून लिहितो आहे. दुसरं काही मागत नाही. ती बसने येईल, मुंढव्याला बदलून, पत्ता मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आहे. तिला पायऱ्या चढताना दम लागतो, पण पिशवी दुसऱ्याच्या हातात देत नाही, हे चेतनला सांग. आणि ती बोलायला लागली की तिला बोलू दे. तिला बोलायची सवय आहे, माफी मागायची नाही. तिच्यावर ती वेळ मी आणली.

मी कधी यावं ते तू कळव. कळवलं नाहीस तरी मी समजेन. चिंधी तिने स्वतःजवळ ठेवली आहे, कशासाठी ते मी विचारलं नाही. आळं रिकामं आहे.

ती तयार झाली. पत्र बंद करून पिशवीत घालतो.

पुन्हा उघडलं, दोन ओळींसाठी. पिशवी तोंडापर्यंत भरली होती, बसमध्ये सांडू नये म्हणून मी सुतळी घेतली आणि तोंड बांधायला वाकलो. एक वेढा घातला होता. चंद्रभागेने पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली.

म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिला सोडवाया लागंल."

बाबा